आमची कुणाशी ओळख नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

‘व’ काही संपत नाही! वरचढ, वरदहस्त, वल्गना झाले, आता वशिला. सकाळीच पुरावाबुवांनी कार्डांचा गठ्ठा टेबलावर आणून आदळला. पुरावाबुवा हे मुख्य संपादकांना मीच ठेवलेलं नाव. तोंडावर ‘सर’. कुणी साधं ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी यांचा प्रश्न — पुरावा?

‘वशिल्याचं तट्टू तुमच्याकडे. अर्थ, उगम आणि ऐकलेलं उदाहरण. महिनाअखेर ‘व’ छापखान्यात गेला पाहिजे.’

अर्थ काय, शेंबडं पोरही सांगेल. अंगात धमक नाही, पण कुणाच्या तरी ओळखीवर जागा पटकावली — असा माणूस. वाक्प्रचारांचा कोश अर्थासाठी कोणी उघडत नाही. उघडतात ते ‘हे आलं कुठून’ म्हणून. आणि नेमकं तेवढंच आम्हाला ठाऊक नसतं.

उदाहरणाचा नियम तर त्याहून छळवादी. पुस्तकातलं वाक्य चालत नाही, मनाने रचलेलं तर नाहीच नाही. जिवंत माणसाने जिवंत माणसाबद्दल बोललेलं, आपल्या कानांनी ऐकलेलं हवं. आणि ते तिथल्या तिथे, उभ्या उभ्या कार्डावर उतरवायचं. कोण बोललं, कोणाबद्दल, कुठे. घरी येऊन आठवून लिहिलेलं कार्ड पुरावाबुवा सरळ फाडतात. म्हणून माझ्या पर्समध्ये चष्मा नसेल एक वेळ, कोरी कार्डं असतातच.

घरी आले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. उद्या मंगळवार. उद्याचा दिवस यांना आजपासूनच लागतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटेची बस, मग दुसरी बस, मग मशीन, मग परत दोन बसा. हातातली ती फुगलेली शीर आता बघवत नाही. परतताना बसमध्ये यांना उलटी झाली. शेजारच्या बाईने लगेच जागा सोडली. चांगुलपणाने नव्हे, कपड्यांना लागेल म्हणून. तिचं तरी काय चुकलं!

आणि घरापासून चालत दहा मिनिटांवर सरकारी रुग्णालय आहे. तिथेही हेच डायलिसिस, हीच सुई. पण यादी! नाव घालून किती दिवस झाले हे मोजणं सोडलं. खिडकीवाला दर वेळी मान वर न करता म्हणतो, ‘तुमच्या आधी बरेच आहेत, बाई.’

संध्याकाळी हे एकदम म्हणाले, ‘डिसेंबर संपेपर्यंत जातो. मग पुरे.’

‘पुरे म्हणजे?’

‘पुरे म्हणजे पुरे. बस नको, मशीन नको.’

मशीन नको म्हणजे पुढे काय, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलेलं आहे. हे ते विसरलेले नाहीत. विसरून बोलणाऱ्यातले नाहीतच हे. हयात नकाशे काढण्यात गेली यांची, एक रेघ कधी इकडची तिकडे झाली नाही. बोलले म्हणजे बोलले.

मी भांडले नाही. भांडायला लागतो तेवढा जीवच अंगात नव्हता. भांडी घासली आणि कट्टा दोनदा पुसला.

५ नोव्हेंबर, बुधवार

अर्धी रजा. खिडकी. ‘तुमच्या आधी बरेच आहेत, बाई.’

बाकावर शिंपीदादा होते म्हणून बरं. त्यांची पाळी सोमवार-बुधवार-शुक्रवार दुपारी. पण येतात बरेच आधी. घरी बसून काय करायचं म्हणतात. इतकी वर्षं मशीनवर काढली, पण जीभ काही थकली नाही. आधी शिलाईचं मशीन, आता हे. आपला जन्मच मशीनपुढे जायचा, असं स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात.

‘काय ताई, आज कोणता शब्द धरायला आलात?’

सांगितलं. एकदम खुलले. ‘त्यात काय अवघड! एका राजाच्या तबेल्यात एक तट्टू होतं. राणीच्या माहेरचं. धावायचं नाही, ओढायचं नाही, उलट लाथा झाडायचं. पण दाणा पहिला त्याला!’

‘पुरावा?’

‘राणीने स्वतः सांगितलं. तिचे कपडे माझ्याकडेच असायचे ना शिवायला.’

पलीकडे पिवळ्या शालीतली बाई बसली होती, तीही जराशी हसली. तिच्या मुलाचं नाव आहे यादीत. आमच्या वर. ती दर वेळी असते. आम्ही एकमेकींना ओळखतो आणि बोलत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अडला हरी गाढवाचे पाय धरी. धरले.

मामेभाऊ. ‘माझे हात वरपर्यंत आहेत’ हे वाक्य त्याच्याइतक्या वेळा मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ‘ह’च्या खंडासाठी त्याचंच उदाहरण काढून ठेवलंय, त्याला माहीत नाही. ऑफिसात गेले. खुर्ची एवढी मोठी की हा आत हरवलेला. दोन फोन, एकही वाजत नव्हता.

‘अगं, मग आधी का नाही आलीस? तिथला मोठा डॉक्टर आपलाच माणूस. काम झालंच समज!’

यांचं नाव, यादीतला क्रमांक त्याने वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतला. मग त्यावरच चहाचा कप ठेवला.

यांना कळलं तर? सख्ख्या भाच्याला नोकरीला लावायचं होतं तेव्हा यांनी साधा शब्द टाकला नाही. नणंद रडली, मी बोलले, सगळे बोलले. हे एवढंच म्हणाले, ‘त्याची रेघ सरळ येत नाही.’ नणंदेने दोन वर्षं तोंड दाखवलं नाही.

घरी विचारलं, ‘उशीर का?’ म्हटलं, कार्डं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज फार गंमत झाली. हसायला यायला हवं होतं.

खिडकीसमोर एका गृहस्थाचं आणि खिडकीवाल्याचं जुंपलं. गृहस्थ ओरडला, ‘वरून फोन आला की कसे ताडकन उठता! आमच्यामागे कोणी नाही म्हणून आम्ही सडायचं का?’ काय वाक्य! माझा हात आपोआप पर्समध्ये. तिथेच, खिडकीच्या फळीवर कार्ड टेकवून उतरवलं. मग त्या गृहस्थाला विचारलं, आपण काय काम करता? रंगारी, म्हणाला. लिहिलं. खिडकीवाल्याकडे बघितलं आणि लिहिलं — ‘रुग्णालयातील कर्मचाऱ्यास उद्देशून.’

खिडकीवाल्याची मान पहिल्यांदा वर आली.

‘काय लिहिताय?’

‘हे बोलले ते.’

‘कशासाठी?’

‘छापायला.’

खरंच तर सांगितलं! त्याचा चेहरा असा उतरला की बस. ‘मॅडम, बसा ना,’ म्हणून आतून खुर्ची आणली आणि स्वतःच्या रुमालाने पुसली. इतके दिवस बाई होते, आज मॅडम झाले. बाकावर शिंपीदादांना हसता हसता ठसका लागला.

खुलासा करायला हवा होता — अहो, मी तपासणीची नाही, कोशाची आहे. केला नाही. दिवसभर उभी होते, आणि खुर्ची चांगली होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बस. मशीन. बस. मामेभावाला फोन केला. ‘सांगितलंय. वरून होतंय.’ वरून म्हणजे कुठून, ते विचारलं नाही. नाव मोठं, लक्षण खोटं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कामात मन घालायचं म्हणून ‘वशिला’ची जुनी कार्डं काढली. मूळ शब्द अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ — साधन. जवळ पोचवणारं काहीतरी. एवढंच! लबाडी त्यात नावालाही नाही. ती वाटेत कुठेतरी चिकटली असणार, कुणामुळे ते माहीत नाही.

तट्टू मात्र कुठून आलं हे कुणीच सांगत नाही. भाड्याचं तट्टू, वशिल्याचं तट्टू. बिचाऱ्या जनावराने कुणाचं काय वाकडं केलं होतं? आयुष्यभर दुसऱ्यांचं ओझं वाहिलं आणि भाषेत नाव झालं ते हे असं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज यांना बरोबर नेलं. खिडकीवाल्याला निदान माणूस दिसू दे, यादीतलं नुसतं नाव नको.

खिडकीवाला नव्हताच, जेवायला गेला होता. शिंपीदादा होते. यांना बघितल्याबरोबर चेहरा नाही, कंबर बघितली. ‘साहेब, पँट पट्ट्यावर लटकलीय हो! उद्या पट्टा तुटला तर फजिती.’ हे वरमले. किती बारीक झालेत ते रोज बघून मला कळेनासंच झालंय.

‘घरी दुसरी आहे का अशीच? द्या माझ्याकडे. आत घेऊन देतो.’

‘कशाला आता?’ हे म्हणाले. तो ‘आता’ मला टोचला. शिंपीदादांनाही टोचला असावा. म्हणाले, ‘कापणार नाही. नुसती आत घेतो, माया तशीच ठेवतो. अंग भरलं की उसवायचं.’ माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. ‘म’मध्ये मीच लिहिलंय. हे चक्क हसले! मग नकाशातल्या रेघा आणि कापडावरच्या खडूच्या रेघा यावर दोघांचं असं जमलं की मी बाकाच्या टोकाला सरकले. पँट आणून द्यायला मी घरी जाऊन आले, तरी बोलणं चालूच.

हे घोटभर पाणी प्यायला गेले — घोटभरच, तेवढीच परवानगी — तेव्हा मला राहवलं नाही. डिसेंबरचं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. शिंपीदादांनी मांडीवरच्या पँटची घडी मोडली, परत घातली.

मग म्हणाले, ‘ओळखीचं कुणी नाही का वर?’

‘आमची कुणाशी ओळख नाही हो.’

‘असं कसं? मी आहे ना! साधा माणूस समजलात काय? या खिडकीवाल्याच्या लग्नाचा कोट मी शिवलाय.’

हसले. मीही हसले. काय करणार!

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुरावाबुवांना उगम सापडला! सकाळी केबिनमध्ये बोलावून स्वतः सांगितला. पूर्वी म्हणे सैन्यात घोड्यांची हजेरी व्हायची. प्रत्येक स्वाराने आपला घोडा आणून दाखवायचा. कुणा बड्याच्या मेहुण्याकडे घोडाच नसे. तो कुठून तरी तट्टू आणून उभं करी, आणि हजेरी घेणारा आपलाच माणूस असला की तट्टू घोडा म्हणून मोजलं जाई. म्हणून वशिल्याचं तट्टू.

‘गोष्ट छान आहे, सर. पुरावा?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘गुरुजी सांगायचे.’

‘गुरुजींनी कुठे लिहून ठेवलंय?’

‘गुरुजी सांगायचे म्हटलं ना!’

म्हणजे व्युत्पत्तीलाही वशिला लागतो! हे तोंडावर आलं होतं, गिळलं. राजाच्या राणीने शिंपीदादांना सांगितलं ते आणि गुरुजींनी पुरावाबुवांना सांगितलं ते, दोन्हींत मला काही फरक दिसेना. माझ्या मसुद्यात मी ‘उगम अनिश्चित’ असंच ठेवलंय. शिवाय उदाहरण अजून मिळालेलं नाही. आश्चर्यच आहे, एरवी दिवसातून दहा वेळा कानावर पडेल असा वाक्प्रचार, आणि मी कार्ड घेऊन उभी राहिले की लोक शुद्ध बोलायला लागतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

खिडकीवाला हल्ली मी दिसले की उभाच राहतो. पण यादी होती तिथेच आहे.

शिंपीदादांचे पाय सुजलेत. चपलेचा पट्टा सोडून बसले होते. दुपारच्या पाळीत जीव घाबरा होतो, सकाळची मागून बघतो, म्हणाले. मी विचारलं, आज तट्टूची नवी गोष्ट नाही का? तर म्हणाले, ‘तट्टू म्हणजे मीच की, ताई. माझ्याबरोबरची घोडी सगळी पुढे गेली. मी आपला मशीनच्या वशिल्यावर उभा आहे.’

कार्ड काढणार होते. काढलं नाही. स्वतःबद्दल बोललेलं नियमात बसत नाही, असं मनाशी म्हटलं. खरं कारण ते नव्हतं.

‘पँट झाली का हो?’

‘होईल. घाई केली की शिवण तिरकी जाते.’

आत जाताना भिंतीला धरून गेले. दारातून मात्र हात हलवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हे काल परतल्यापासून उठलेले नाहीत. रजा. कुठेच गेले नाही. डाळीचं पाणी, तेही अर्धं उरलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बस. मशीन. बस. दुसऱ्या बसमध्ये यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. चारचौघांत कधी हातसुद्धा धरला नाही या माणसाने! मी हलले नाही. आमचा थांबा गेला, तरी हलले नाही. पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे आलो.

कंटाळले आहे. लिहून ठेवते, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी म्हणून झालं. कंटाळले आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जागा मिळाली!

आम्ही अजून तिकडच्या रुग्णालयातच होतो. फोन आला. खिडकीवाला. ‘उद्यापासून या. सोमवार-बुधवार-शुक्रवार दुपारी. कोपऱ्यातली खुर्ची.’ आवाज बसलेला होता त्याचा, सर्दी झाली असावी. मी पुढे काही विचारायच्या आत ठेवला. जिन्याच्या पायरीवर बसले आणि रडले. येणारे-जाणारे वळसा घालून गेले. तिथे रडणाऱ्या बाईचं कुणाला नवल नसतं.

मग घरी येताना बसमध्ये डोकं चालायला लागलं. आमच्या आधी ‘बरेच’ होते. ते गेले कुठे? एका महिन्यात सगळे बरे झाले?

कार्डं. दुसरं काय! ‘छापायला’ म्हणाले होते मी. घाबरला बिचारा. मी त्याच्या डोक्यावर तलवार टांगून बसले होते आणि मला वाटत होतं की मी नोकरी करतेय.

हे आनंदले नाहीत. माझ्याकडे नीट बघून विचारलं, ‘कुणाला सांगितलंस?’

‘कुणाला नाही.’

तेवढ्यात मामेभावाचा फोन! मीच त्याला कळवलं होतं, आता सांगायची गरज नाही म्हणून. ‘बघ! म्हटलं नव्हतं, काम झालंच समज?’ एवढ्या मोठ्याने, की पलीकडच्या खोलीत ऐकू जावं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! याने फोन केला असेल तर मी नाव बदलीन. पण यांनी ऐकायचं ते ऐकलं.

धड जेवले नाहीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चालत गेलो. दहा मिनिटं. वाटेत हे एकदा थांबले, तेही दम लागला म्हणून नाही. रस्त्याकडेच्या झाडावर कुठला पक्षी आहे ते बघायला. केवढ्या दिवसांनी!

कोपऱ्यातली खुर्ची पंख्याखाली आहे. शिंपीदादा कुठे दिसले नाहीत. नर्सला विचारलं तर म्हणाली, ‘त्यांची पाळी नाही आता ही,’ आणि रक्तदाबाचा पट्टा घेऊन पलीकडे गेली. मिळाली म्हणजे सकाळची पाळी! बरं झालं. पँटचं विचारायला एकदा सकाळी यायला हवं.

बाहेर बाकावर पिवळी शाल होती. मी जागा बघून बसणार, तेवढ्यात ती शेजारणीला म्हणाली — हळू नाही, मला ऐकू येईल अशी —

‘आमचा पोरगा वर्षभर यादीत. आणि हे वशिल्याचं तट्टू काल आलं आणि आज खुर्चीत!’

महिनाभर ज्या वाक्याची वाट बघत होते ते आलं. आणि नियम म्हणजे नियम. कार्ड काढलं. अक्षर वाचता येईल असं काढलं. कोण: रुग्णाची आई, वय पन्नाशीच्या आसपास. कुठे: डायलिसिस विभागाबाहेरचा बाक. कोणाबद्दल: संग्राहकाच्या नवऱ्याबद्दल.

ती माझ्याकडे बघत होती. लिहून घेतेय असं बघून तिचाही चेहरा उतरला. ‘मी आपलं सहज बोलले हो, मॅडम,’ म्हणाली. तीही घाबरली मला! माझी मलाच लाज वाटली, अशी की कधी वाटली नव्हती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पुरावाबुवांनी कार्ड वाचलं. ‘वा! रसरशीत!’

‘खालची ओळ वाचलीत?’

‘तेवढं छापायला जागा नाही.’

उगमात त्यांनी घोड्यांची हजेरी घातली. ‘असे म्हणतात’ असं पुढे जोडलं, माझ्या समाधानासाठी. मी वाद घातला नाही. ‘व’ गेला छापखान्यात. घेऊ दे तट्टूला कोशात जागा, सगळेच घेतात.

दुपारी मशीन. मग घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. मामेभावाकडे गेले ते, कार्डं, खिडकीवाला, पुसलेली खुर्ची, पिवळी शाल. रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत, ते जास्त वाईट.

म्हणाले, ‘तीन दिवसांत इकडे मी जरा माणसात आलो होतो, गं.’

‘मग राहू द्या ना! आपण कुणाचं काय घेतलं? त्याने दिलं!’

‘घाबरून दिलं. सोमवारी मी सांगतो त्याला. ही तपासणीची बाई नाही, शब्द गोळा करणारी आहे. तुझी खुर्ची परत घे आणि त्या पोराला दे.’

‘आणि तुम्ही?’

‘डिसेंबर आहे ना अजून.’

मी ओरडले. आयुष्यात यांच्यावर ओरडले नव्हते एवढं ओरडले. तुमच्या सरळ रेघेने माझा जीव घेतलात म्हटलं. भाच्याचं काढलं, नणंदेचं काढलं. मला तुम्ही हवे आहात, मग तट्टू म्हणोत की गाढव म्हणोत, असंही म्हटलं. सगळं ऐकून घेतलं. मग उठून माझ्यासाठी चहा ठेवला, स्वतःला चालत नाही तरी.

निर्णय तोच.

१ डिसेंबर, सोमवार

हे खुर्चीत बसलेच नाहीत. उभ्यानेच खिडकीवाल्याला बोलावलं. ‘ही तपासणीची बाई नाही —’

‘माहीत आहे मला,’ तो म्हणाला. ‘शब्दांचं पुस्तक करतात. यांनी कार्ड लिहिलं त्याच संध्याकाळी शिंपीमामांनी सांगितलं होतं.’

मागे एक बाई वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी घेऊन उभी होती. पूर्वी कधी पाहिली नव्हती. ‘नकाशेवाले साहेब तुम्हीच ना? ही पँट. ह्यांनी बुधवारी रात्रीच पुरी केली होती, द्यायची राहिली. त्याच आठवड्यात शुक्रवारी गेले हे, आज दहा दिवस झाले. इथेच, या खुर्चीत. खिडकीवाल्याचा हात धरून आधीच सांगून ठेवलं होतं, माझ्यामागे माझी खुर्ची साहेबांना द्या, दुसऱ्या कुणाला नाही. मरणाऱ्याचा शब्द कोण मोडणार?’

खिडकीवाला जमिनीकडे बघत होता. पिवळी शाल दारातच होती. तिनेही ऐकलं. तिच्याकडे मला बघवलं नाही.

यांनी वर्तमानपत्र सोडून शिवणीतली माया बघितली. मग पँट मांडीवर घेऊन बसले आणि हात नर्सपुढे केला.

आमची कुणाशी ओळख नाही — शिंपीदादांच्याच शेजारी बसून त्यांनाच सांगितलं होतं मी.